नरबदलाची सुगी

अक्काचा फोन आला की आधी हडंबा ऐकू येतो. हडंबा म्हणजे ज्वारीचं मळणीयंत्र. त्याच्या घरघरीत तिचा आवाज मधेच भुसकटासारखा उडून जातो. "ऐकू यायलंय का गं सुमे?" "यायलंय, बोल." "काय?" असं आमचं बराच वेळ चालतं आणि मग कुणीतरी यंत्र थांबवतं, तेव्हा आम्ही दोघी उगाच ओरडत असतो.

मी इथं आसामात, एका डुक्कर पैदास केंद्रात कामाला आहे. शेड धुते, खाद्य टाकते, व्यायला आलेल्या डुकरिणींपाशी बसते. चारी बाजूंनी भात, बांबू आणि ओल. कपडे वाळतात असं नाही, फक्त कमी ओले होतात. बरोबरच्या पोरींना मी एकदा ज्वारीचं ताट कागदावर काढून दाखवलं, त्यांना तो मका वाटला. पण फोनमधून तो हडंबा घरघरला की माझ्या नाकात कुसाची धूळ जाते, मान खाजायला लागते, आणि मागोमाग राग येतो. धूळ, खाज, राग. गेली कित्येक वर्षं ह्याच क्रमानं येतं. बाकीच्यांना सुगी आठवली की हुरडा आठवतो, हरभऱ्याच्या पानावरची आंबट ओल आठवते. मलाही आठवते. हुरड्याची चव जिभेवर येते आणि तिथंच कडू होते.

यंदा अक्का म्हणाली, "नरबदल होळीच्या आदीच ठिवलाय. आन् त्याच दिशी रेखीचं बी हाय."

रेखी म्हणजे रेखा, माझ्या दाजींची दुसरी बायको. पहिली बायको माझी अक्का. अक्काला तीन मुली झाल्या म्हणून दाजींनी तिला परत केलं. रेखाला दोन मुली झाल्यात. आता तिची पाळी.

मी म्हटलं, "तू कशाला जातीस तिथं?"

"बगू," अक्का म्हणाली, आणि हडंबा पुन्हा सुरू झाला.

आमचे लोक डुकरं पाळतात. गावाच्या कडेला, नाल्याच्या अंगाला आमची घरं. उमरग्याच्या हायवेवरून जाणारे ट्रकवाले काचा वर करतात ते आमच्या वासानं. पण सुगी झाली, ज्वारी निघाली, कडब्याची बुचाडं लागली की तेच नाक मुरडणारे शेतकरी येऊन म्हणायचे, "सोडा की तुमची डुकरं रानात, लव्हाळा लई झालाय." लव्हाळ्याचे गड्डे माणसाला खणून निघत नाहीत, डुक्कर नाकानं उकरून चट्टामट्टा करतं. ते चार दिवस आम्हाला बांधावर बसायची मुभा असायची. पाणीही मिळायचं, वरून ओतलेलं. मी ओंजळ करून प्यायचे आणि मला ते फार गोड लागायचं, त्याचाही आता राग येतो.

रानं मोकळी झाली की नरबदल. माकणीच्या धरणाचं पाणी मागं सरून काळी भेगाळलेली जमीन उघडी पडते, तिथं एक मोठी बाभळ आहे. बेंबळीकडची, माकणीची, उमरग्याची आमची माणसं तिथं जमतात. कुणाच्या टेम्पोत, कुणाच्या हातगाड्यावर पाय बांधलेला नर. एका घरी नर दोन सुग्या ठेवायचा नाही हा आमचा नियम. ठेवला तर तो आपल्याच लेकींवर जातो आणि पिल्लं रोड होत जातात. म्हणून ह्या गावचा नर त्या गावाला, त्या गावचा तिसरीकडं. दोर हातात देताना देणारा म्हणतो, "रगात आमचं, घर तुमचं." घेणारा नराच्या नाकाला गुळाचा खडा लावतो. नर तो खडा खातो, कधी बोटही चावतो, आणि मग सगळे म्हणतात, नर तेज आहे. चहा होतो, मटण शिजतं. ज्यांच्या घरात वर्षभर गावातलं कुणी चहा पीत नाही त्या माणसांचा तो एकच दिवस एकमेकांच्या हातचं पोटभर खायचा.

देवाणघेवाणीच्या आधी तक्रारी ऐकतात. आमच्या समाजाचे थोरले तात्या बाभळीच्या बुंध्याला टेकून बसतात. कुणाचा नर आजारी निघाला, कुणाचा मारका, ते सांगायचं. तक्रार खरी वाटली तर देणाऱ्यानं आपला नर सगळ्यांसमोर परत न्यायचा.

मी सातवीत होते तेव्हाची सुगी. परीक्षा तोंडावर होती म्हणून मी पुस्तक घेऊन आले होते आणि गाड्याच्या सावलीत बसून वाचल्यासारखं करत होते. तक्रारीला उठल्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे दाजींची आई, अक्काची सासू. उंच, हाडापेराची बाई. डुकरिणीच्या पोटावर हात ठेवून किती पिल्लं आहेत ते सांगायची. बेंबळीच्या एका गड्याकडून आणलेला नर त्यांनी ओढत मधोमध आणला.

"तात्या, ह्यो नर तुमीच आमच्या पदरात घातला. तिन्ही डुकरिणी व्याल्या. समदी पिल्लं नर. मादी औषधाला न्हाय. पुढं वाढवायचं काय आमी, दगुड?"

आमच्याकडं मादीला किंमत. नर एक असला तरी भागतं, कळप वाढतो तो माद्यांवर.

बेंबळीचा गडी म्हणाला, "डुकरिणीतच खोट आसंल काकू."

"डुकरीण काय करंल रं? ती भुई. पेरलं ते उगवलं. बी खराब दिलंस आन् भुईला नावं ठिवतूस व्हय?"

सगळे हसले. तात्यांची सुपारी तोंडातून पडायला आली. "काकू म्हणत्यात ते बराबर हाय," ते म्हणाले. "मादी काय माहेरनं आणती व्हय नर का मादी ते? ने बाबा तुझा नर."

गडी मान खाली घालून नर घेऊन गेला. जाताना कुणीतरी त्याला म्हणालं, "आता तूच बस त्याच्यापाशी, मादी व्हतीया का बग." पुन्हा हसू. मीही हसले. खूप हसले.

मग जेवणं झाली. ऊन फिरलं, बाभळीची सावली सरकली, तशी माणसंही थोडी सरकून बसली. सकाळची बैठक आणि दुपारची बैठक ह्यात एवढाच काय तो फरक होता. तेच तात्या, तीच माणसं, त्याच आत्याबाई. आणि मधोमध, जिथं सकाळी तो नर उभा होता त्याच्या जराशी अलीकडं, माझी अक्का. अंगावर तान्ही, पदराला दोघी.

आत्याबाई म्हणाल्या, "हिच्या कुशीतच पोरगा न्हाय. उमरग्याहून मुळी आणली, पाजली. तीन झाल्या. आमी किती दिस वाट बगायची?"

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. सकाळीच हसले होते की सगळे. कुणीतरी म्हणेल, काकू, सकाळी काय म्हणालात. मी पुस्तकातनं डोकं वर काढून एकेकाचं तोंड बघत होते. कुणी नाही हसलं. तात्यांनी सुपारी कातरली. दाजी जमिनीच्या भेगेत काडी घालून काढत होते. तात्या म्हणाले, "हिच्या माहेरचं कोन आलंय?" माझे वडील, अण्णा, उठले. एवढंच म्हणाले, "चल बाळा." आणि अक्काचं बोचकं उचललं.

घरी तीन लेकरं आली. आई दुसऱ्याच्या रानात जायची, अक्का ओली बाळंतीण, तिला कावीळ झाली. पोरी सांभाळायला मी. परीक्षेला मी गेले नाही, आणि नंतरही नाही. गुरुजी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी तान्हीला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. ते उंबऱ्यावरूनच परत गेले.

हे मी अनेकांना सांगितलंय. सगळे एकच म्हणतात, अडाणी लोक गं, त्यांना काय कळतंय. ह्या वाक्यानं माझं डोकं फिरतं. अडाणी कुठं होते? ती बाई सकाळी भर बैठकीत म्हणाली होती ना की मादी काय करेल. मंडळींनी माना डोलावल्या होत्या. त्यांना माहीत होतं. डुकराच्या बाबतीत माहीत होतं, कारण तिथं चूक झाली तर कळप बुडतो. बाईच्या बाबतीत चूक झाली तर काय बुडतं? एक बाई. तेवढी बुडू द्यायची त्यांची तयारी होती.

आणि आमच्या लोकांचीच एकट्यांची गोष्ट म्हणून कुणी मान हलवू नये. आमची बैठक बाभळीखाली होते म्हणून दिसते. तिला आता कायद्यानं बंदी आहे, म्हणून तिला पंचायत म्हणत नाहीत, नुसती बैठक म्हणतात. ज्यांच्या घरी सोफा आहे त्यांची बैठक सोफ्यावर होते, पडदे ओढून. उमरग्याच्या दवाखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, इथं गर्भलिंग तपासणी होत नाही. ती पाटी काय आमच्यासाठी लावलीय? आमच्याकडं तर एसटीचं भाडंही नसायचं.

इथं येईपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं. लग्न झालं, नवरा चांगला मिळाला, इकडं बांधकामावर आला, मीही आले. बांधकाम ह्याच केंद्राच्या नव्या शेडचं होतं. एक दिवस एक डुकरीण अडली, पिल्लू आडवं आलं होतं, माणसं धावत होती. मी गवंड्याच्या हाताखालून उठून गेले आणि तिच्या कानामागं खाजवत बसले, ती निवांत झाली तेव्हा डॉक्टरांना हात घालता आला. दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये. इथल्या मॅडम नागपूरच्या. त्यांच्या तोंडून मराठी ऐकलं तेव्हा मी टोपलं खाली ठेवून रडले होते. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं की त्या रागावतात, म्हणून इथं लिहून ठेवते. इथं एक अजून गोष्ट आहे. डुक्कर पाळणाऱ्याकडं बघून इथं कुणी काच वर करत नाही. लग्नात डुकराला मान असतो. पहिल्या महिन्यात मी रस्त्यानं चालताना अंगाचा वास येतोय का बघत राहायचे. मग हळूहळू विसरले. तरी मनात धाकधूक असतेच. मॅडमचं काम संपलं, त्या गेल्या, तर मला कोण ठेवेल? सातवी नापास सुद्धा नाही मी, सातवी न बसलेली.

मॅडम डुकरांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या रक्ताचा अभ्यास करतात. गावडुक्कर, रानडुक्कर, आणि इथल्या उंच गवतात राहणारं एक जेमतेम वीतभर उंचीचं डुक्कर आहे, सशापेक्षा जरा मोठं, त्याचा सुद्धा. आफ्रिकेतल्या सुळेवाल्या डुकराचा फोटो त्यांच्या टेबलावर आहे, आमच्या बाभळीखालच्या तात्यांसारखा दिसतो. ह्या सगळ्यांत नर कशामुळं नर होतो आणि मादी कशामुळं मादी, आणि ते कोट्यवधी वर्षांत कसकसं बदलत आलं, हे त्यांचं काम. मी नमुन्याच्या वेळी पिल्लू धरते. ओरडतं, मग माझ्या काखेत तोंड घालतं.

एकदा पिल्लं तोलून झाल्यावर चहा पिताना मी त्यांना नरबदलाची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पोती बांधायच्या दोऱ्याचे दोन तुकडे तोडले, एक लांब, एक आखूड. मॅडम त्यांना गुणसूत्रं म्हणतात, मी सूत म्हणते.

"मादीकडं दोन्ही लांब. एक्स आणि एक्स. नराकडं एक लांब, एक आखूड. एक्स आणि वाय. मादी पिल्लाला देणार तो एक्सच, तिच्याकडं दुसरं काही नाहीच. नर ह्यातलं कुठलं देतो त्यावर ठरतं."

"म्हणजे आत्याबाई सकाळी बरोबर बोलली."

"निम्मं बरोबर. मादी म्हणजे भुई नव्हे, निम्मं बी तिचं असतं. आणि त्या नराचीही काही चूक नव्हती, सुमन. नाणं उडवल्यासारखं आहे. सलग छापा पडला म्हणून नाण्याला शिक्षा करतात का?"

मला ते आवडलं नाही, खरं सांगते. मला कुणाची तरी चूक हवी होती. दाजींची हवी होती. मी इतकी वर्षं मनात म्हणत आले होते, खोट तुझ्यात आहे, आणि आता मॅडम म्हणत होत्या, खोट कुणातच नाही. मग तिला परत कशासाठी केलं? कशाचीच खोट नसताना? मी पिल्लाचं टोपलं उचलून निघून गेले. मॅडमना वाटलं असेल, हिला झालं तरी काय.

नंतर त्यांनीच थोडं थोडं करून पुढचं सांगितलं. फार फार पूर्वी ही दोन सुतं सारखीच होती, जोडीची, एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करणारी. मग एकावर नर घडवणारं जनुक आलं आणि हळूहळू अदलाबदल थांबत गेली, टोकाची थोडी जागा सोडून. मादीत एक्सला दुसरा एक्स मिळतो, तिथं घेणं-देणं चालू राहिलं, खराब झालेलं दुरुस्त होत राहिलं. वायला कुणी नाही. तो एकटाच बापाकडून मुलाकडं जात राहिला आणि त्याच्यावरची जनुकं गळत गेली. माणसाचा एक्स आणि डुकराचा एक्स शेजारी ठेवला तर त्यावरच्या जनुकांचा क्रम जवळजवळ तोच आहे, एवढी युगं लोटून. वायचं मात्र प्रत्येक जातीत वेगळंच चाललंय. कुणाच्यात काय उरलं, कुणी कशाची नक्कल करून ठेवली, तेच मॅडम शोधत असतात. डुकराच्या वायवर म्हणे नर घडवणाऱ्या त्या जनुकाच्या दोन प्रती आहेत.

"एकानं भागत नव्हतं वाटतं," मी म्हटलं.

मॅडमना ठसका लागला.

मी मात्र हसत नव्हते. जे सूत कुणाशी देवघेव करत नाही ते झिजत जातं, हे माझ्या लोकांना कळतं की. म्हणून तर दरसाल नर बदलतात. आणि त्या झिजत गेलेल्या सुतासाठी, त्या आखूड दोऱ्यासाठी, माझ्या अक्काला बाभळीखाली उभं केलं. वंश म्हणतात त्याला. वंशाचा दिवा. मॅडमच्या यंत्रात मी तो बघितलाय, काळा ठिपका.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून दोनदा सांगून घेतलं. नराकडचा एक्स येतो कुठून? त्याच्या आईकडून. आईनं आपल्या दोन सुतांचं मिळून एक विणून मुलाला दिलेलं. मुलाकडं त्याला जोड नाही, म्हणून तो एक्स जवळजवळ जसाच्या तसा त्याच्या मुलींना जातो. मुलग्याला जात नाही. मुलग्याला वाय जातो.

म्हणजे आत्याबाईनं दाजींना दिलेलं सूत अक्काच्या तिन्ही पोरींत अखंड आहे. थोरल्या पल्लवीत, मधलीत, आणि त्या तान्हीत, जी आता कॉलेजला जाते. रेखाच्या दोघींतही तेच. आणि नातू झाला असता तर त्याच्यात ह्या सुताचा धागा नसता. ज्याची ती बाई इतकी वाट बघत होती तो तिचं ते सूत टाकूनच जन्मला असता, आणि ज्या पोरींनी ते आणलं त्यांना ती दारातून हाकलत आली.

मी हे अक्काला सांगायला फोन केला. तेव्हा हडंबा बंद होता, मला सगळं नीट सांगता आलं. मला वाटत होतं, मी तिच्या हातात हत्यार देतेय. म्हटलं, "बैठकीत सांग हे. मॅडम लिहून देतील, सही करून."

अक्का ऐकून घेऊन म्हणाली, "लई भारी हाय गं. पोरींना सांगते."

"आणि बैठकीत?"

"तिथं सांगून काय व्हणार? ठाऊक न्हाय म्हणून करत्यात व्हय ते?"

मी इतकी वर्षं जगाला जे ओरडून सांगत होते ते तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. थाप थाप आवाज येत होता.

बैठकीचा दिवस आला. मी सकाळी फोन केला, लागला नाही. पुन्हा केला, नाही. धरणाच्या अंगाला रेंज नसते हे मला माहीत आहे, पण माहीत असून काय उपयोग. शेडमध्ये एक काळी डुकरीण व्यायच्या बेतात होती. तोंडात पेंढा धरून कोपऱ्यात नेत होती, रचत होती, मोडत होती, पुन्हा रचत होती. मी तिला पेंढा देत होते आणि मनात रेखाचा विचार. मी रेखाला एकदाच पाहिलंय, नात्यातल्या एका लग्नात. बारीक पोर. बांगड्या ढिल्या होत्या, हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या. तेव्हा मी तिचा दुस्वास केला होता. अक्काच्या जागेवर आली म्हणून. जागा कसली, उभं राहायची एक जागा होती बाभळीखाली, तीच तिला मिळाली. मॅडम आल्या, खाद्याचं टोपलं कलंडलेलं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "जा, बाहेर जाऊन लाव फोन," म्हणाल्या. "मी बसते हिच्यापाशी."

फोन अक्कानंच केला. ऊन कलल्यावर. मागं यंत्र नव्हतं, वारा होता.

"काय झालं?"

"काय न्हाय झालं."

"म्हणजे?"

"तात्यानं इचारलं, हिच्या म्हायेरचं कोन आलंय. कुणीच न्हाय आलेलं. मग कसं करायचं? घेणारं कुणी आसल्याबिगर परत करता येत न्हाय आपल्यात. नराला बी न्हाय आन् बाईला बी न्हाय."

हे खरं आहे. परत जायचं असेल ते कुणीतरी हातात घ्यावं लागतं. देणारा आलाच नाही तर मागच्या सुगीला आणलेला मारका नरही लोक वर्षभर खायला घालतात, मी बघितलंय.

"का नाही आले तिच्या माहेरचे?"

"म्या गेल्ते त्यांच्याकडं. बेंबळीला, गेल्या आठवड्यात. तिच्या बापाला म्हणलं, दादा, तुमी जाऊ नगा. तुमी गेलाव तर ती परत यील. ते रडाय लागले. म्हणले, लोक काय म्हणतील, लेकीला एकटी सोडली. म्या म्हणलं, एकटी न्हाय, म्या बसते तिच्याजवळ."

"मग?"

"मग काय. बसले. तात्या म्हणले, तू कशाला आलीस गं. म्या म्हणलं, तुमीच तर मला हितली मानकरी केलाव. दोगी-चौगी बाया हासल्या. त्यातली एक उठून आमच्याकडं यून बसली. तुजा दाजी तडातडा बोलला, आन् गाडीला किक मारून उमरग्याला निगून गेला. गेला तर गेला. घरात रेखी हाय, पोरी हायत, डुकरिणी हायत."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याखाली काहीतरी हलत होतं आणि ते मी विचारायला नको होतं, तरी विचारलं.

"अक्का, त्या वेळी अण्णा आले नसते तर?"

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी अण्णांनी बोचकं उचललं ह्याबद्दल मी आयुष्यभर त्यांचे पाय मनात धरत आले. सगळी जमात बसली असताना माझा बाप उठला होता.

"अण्णांनी मायेनं नेलं गं," अक्का म्हणाली. "म्या त्यांना बोल लावत न्हाय. पर त्या मायेची खात्री हुती म्हणून तर तात्यानं इचारलं."

इतक्या वर्षांत माझा राग तात्यांपाशी, आत्याबाईंपाशी, दाजींपाशी जाऊन थांबायचा. आता तो जाऊ लागला तिथं मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी पुन्हा आत्याबाईंवर आले, ती सोयीची जागा.

"आणि म्हातारी? ती काय म्हणाली?"

"आत्याबाई? काय म्हणल. ल्योक निगून गेला. आमीच गाड्यावर बसवून आणली घरी. लई थकलीया आता, डोळ्याला दिसत न्हाय. रेखीनं ताट केलं, तिला वाढलं."

"वाढलं? आजच्या दिवशी? कशाला वाढलं तिनं?"

"सुमे," अक्का म्हणाली, "घर जिचं, ती वाढणार. आजवर म्हातारीनं वाढलं, आता रेखी."